सहावी ब, जुलै

८ जुलै
बी.एड.ची मुलगी आली, छात्रसेवाकालासाठी. माझा सहावी ब तिच्याकडे. घटक : दशांश अपूर्णांक. पाठाचं टाचण देखणं, आवाज खणखणीत. बाकी बघू.

९ जुलै
तिचा पहिला पाठ. मागच्या बाकावर बसले. रंगीत तक्ता, फळ्यावर सरळ ओळी. "समजलं?" "होऽऽ!" सगळं वेळेत संपलं. बोलत मात्र तीच होती.

१० जुलै
आज घड्याळ लावून बसले. प्रश्न टाकते आणि सेकंदभरात स्वतःच उत्तर देते. नाहीतर पहिल्या बाकावरची ठरलेली पोरं देतात. मेरी बड रो यांनी अमेरिकेत हेच मोजलं होतं, १९७०च्या सुमारास. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प पोरंही तोंड उघडतात.
तिला सांगितलं. म्हणाली, "बाई, तेवढं गप्प राहिले तर निरीक्षकांना वाटेल, मी पाठ विसरले."
तिचंही खरं. गप्प बसण्याला गुण कोण देणार?

१२ जुलै
छोटी चाचणी. ०.२५ मोठा की ०.५? निम्म्याहून जास्त वर्गाचं उत्तर ०.२५. होऽऽ म्हणणारे हेच. तिचा चेहरा उतरला. म्हटलं, फुल्या मारू नकोस. कसं ठरवलं ते विचार.

१४ जुलै, रविवार
पाऊस थांबला तसं संस्थेच्या आवारात जाऊन आले. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांची झोपडी. १९००मध्ये त्यांनी विधवांसाठीचा आश्रम इथे, हिंगण्याच्या माळावर आणला. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, १८९१ पासून. कॉलेज झालं की पायी हिंगणं. समाजसुधारक म्हणून सगळ्यांना पाठ. गणिताचे मास्तर म्हणून कोणी बोलत नाही. वर्गात कसे असतील? चुकलेल्या पोराला काय म्हणत असतील?

१५ जुलै
तिने विचारलं. "पाचापेक्षा पंचवीस मोठे," तिघं-चौघं एकदम. भाजीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "मी रोज काट्यावर बघतो." घंटा झाली.

१६ जुलै
काटा! रात्रभर डोक्यात तेच. वजनकाट्यावर पाव किलो ०.२५०, अर्धा ०.५००. कायम तीन आकडे. तिथे २५० लहान, ५०० मोठे. त्याचा नियम संध्याकाळी गाडीवर बरोबर ठरतो आणि सकाळी वर्गात चुकतो. मठ्ठ म्हणून सोडून दिलं असतं कोणीही.
तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिनेच विचारलं, "काट्यावर अर्धा किलो कसा दिसतो? लिही." आणि थांबली. खरंच थांबली. मागे बसून माझाच जीव वरखाली.
त्याने ०.५०० लिहिलं. खाली ०.५. बराच वेळ बघत राहिला. "बाई, पुस्तकवाल्यांनी शून्यं खाल्ली."
वर्ग हसला. मग वह्या उघडल्या, न सांगता.

१७ जुलै
आषाढी. सुट्टी. खिचडी जरा जास्तच.

२० जुलै
गुरुपौर्णिमा उद्या, रविवारी. म्हणून भाषणं आजच. गुलाब, ज्ञानाचा दिवा, मातीचा गोळा वगैरे. पोरं पेंगली.

२३ जुलै
भाजीवाल्यांच्या मुलाचा प्रश्न : एक किलोचे तीन सारखे वाटे केले तर काट्यावर प्रत्येकी ०.३३३. तिन्ही मिळून ०.९९९. एक ग्रॅम कुठे गेला?
ती म्हणाली, "मला विचार करू दे."
टाचणात हे वाक्य कोणी लिहीत नाही. लिहायला हवं.

२५ जुलै
धो धो पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय. शाळेला सुट्टी. दुपारी तिचा फोन, "बाई, त्या ग्रॅमचं काय सांगू?" म्हटलं, सांगायची घाई कशाला? काटा मागव.

२७ जुलै
काटा आला. एक किलो तांदूळ, तीन डबे. ०.३३४, ०.३३३, ०.३३३. "सापडला!" म्हणून आरडाओरडा. एक मुलगी ऐकेना : काट्याला ग्रॅमच्या आतलं दिसतच नाही, मग डबे सारखे कशावरून? फळ्यावर एक भागिले तीन सुरू झालं. तीन, तीन, तीन. फळा संपला तरी भागाकार संपेना. शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले.
घटक नियोजनात आम्ही मागे पडलोय. सोमवारी गुणाकार. ०.५ गुणिले ०.५, आणि उत्तर दोन्हींपेक्षा लहान. सहावी ब हे मुकाट्याने मान्य करेल असं वाटत नाही. शेजारच्या सरांना आधीच सांगून ठेवते.