मोरी

लक्षद्वीपच्या बेटांवर उतरणाऱ्या प्रवाशाच्या प्रथम ध्यानात येतो तो तेथील पाण्याचा उथळपणा. प्रवाळभित्तीने अडवून धरलेले खारकच्छाचे पाणी कित्येक ठिकाणी कमरेच्या वर चढत नाही. भित्तीपलीकडे मात्र समुद्र एकाएकी खोल आणि काळानिळा होतो. या 36 बेटांपैकी कडमत बेटावर मालवणकडील एक निवृत्त शिक्षिका आपल्या मुलीबरोबर आल्या होत्या. बाईंचे सारे आयुष्य किनाऱ्यावर गेले, पण घोट्याएवढ्या पाण्यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. समुद्र त्यांच्या घरी यायचा तो कोळणीच्या टोपलीतून.

मुलीच्या आग्रहाने त्यांनी डोळ्यांना काच लावली, स्नॉर्केलची नळी दातांत धरली. “आई, तोंडानं श्वास घे, घाई करू नकोस,” मुलगी सांगत होती. पहिल्या खेपेस नाकातोंडात पाणी जाऊन त्या धडपडत उभ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेस बेटावरच्या तरुण वाटाड्याने त्यांचा हात धरला, आणि स्वतःच्या श्वासाखेरीज दुसरा आवाज नसलेल्या जगात त्या तरंगू लागल्या. खाली प्रवाळांची पांढरी पडलेली, मोडकी झुडुपे होती. 1998, 2010 आणि 2016 या वर्षांत तापलेल्या समुद्राने येथील प्रवाळांची मोठी हानी केली आहे. मधूनच एखादे जिवंत झुडूप जांभळे, पिवळसर दिसे.

वाटाड्याने हात दाबला. वर आल्यावर तो मल्याळममध्ये एवढेच म्हणाला, “स्रावु.” बाईंना अर्थ कळला नाही, पुन्हा मान पाण्यात घालताच कळला. वाळूच्या रंगाच्या, हातभर लांबीच्या दोन मुशी समोरून येत होत्या. परांची टोके शाईत बुडवल्यासारखी काळी. बाईंचे अंग ताठले. एक मुशी अगदी जवळ आली, किंचित कलली आणि निघून गेली. तिच्या मुस्कटावर असलेली सूक्ष्म छिद्रे जवळच्या प्राण्याच्या शरीरातील क्षीण विद्युत्स्पंदनेही टिपतात. बाईंची धडधड कदाचित तिला कळली असेल. तिला मात्र बाईंशी काही कर्तव्य नव्हते.

तेवढ्या क्षणात बाईंना ते शरीर ओळखीचे वाटले. कल्ल्यांच्या त्या पाच चिरा, तोंडाची ती खाली वळलेली ठेवण त्यांनी विळीवर शेकडो वेळा पाहिली होती. कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देतात. त्यांच्या पहिल्या बाळंतपणात आईने मोरी कापली, तेव्हा पोटातून नाळेला लागलेली पिल्ले निघाली होती. आईने ती केळीच्या पानात गुंडाळून परसात पुरली आणि कालवण चुलीवर चढवले. त्याविषयी घरात कोणी बोलले नाही.

काळ्या टोकांची ही मुशी त्या मोरीची जवळची नातलग. तीही अंडी घालत नाही. पोटातल्या पिल्लांना वारेतून पोसते आणि एका वेळी साधारणतः दोन ते चार पिल्लांना जन्म देते. मोठ्या माशांपासून बचाव व्हावा म्हणून पिल्ले उथळ पाण्यातच वाढतात. बाईंचे अंग ज्यांना पाहून ताठले होते, ती या जातीची लेकरे होती. मुशींच्या हल्ल्यात जगभर दरवर्षी मोजकीच माणसे दगावतात. माणसाच्या हातून वर्षाला सुमारे दहा कोटी मुशी मरतात, असा अंदाज 2013 मध्ये संशोधकांनी मांडला होता. बाईंना हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांना परसातला तो कोपरा आठवत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून त्याच म्हणाल्या, “चल, परत जाऊया.”

घरी सुनेला सातवा महिना होता. पुढे ती बाळंत झाली तेव्हा नेहमीची कोळीण आठवणीने मोरी घेऊन दारात आली. बाईंनी टोपलीतल्या मोरीचे फुगीर पोट पाहिले. कारण सांगावेसे त्यांना वाटले नाही. त्या कोळणीचे पोटही त्याच टोपलीवर होते. त्यांनी तिच्याकडून दोन वाटे बांगडे घेतले, भाव केला नाही. सुनेसाठी आळिवाची खीर केली. बाळ पोटभर दूध पिऊन झोपले.