यवतचे डास

पावसाळा सरून दिवाळी तोंडावर आली की आमच्या प्रयोगशाळेत तापाच्या नमुन्यांची रीघ लागते. डेंगी, चिकुनगुनिया, मधूनच काहीतरी भलतंच. रक्तातला आरएनए वेगळा काढायचा, त्याची डीएनए-प्रत करायची, ती तुकड्यातुकड्यांनी वाढवायची आणि यंत्राकडून वाचून घ्यायची. चिकुनगुनियाचा अख्खा जीनोम जेमतेम पावणेबारा हजार अक्षरांचा. पूर्वी तो वाचायला आठवडे जायचे, आता दोन-तीन दिवसांत क्रम हातात पडतो. पाहुण्यांना वाटतं, झालं काम. मला वाटतं, इथून ते सुरू होतं. त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांना नुसतं आडनाव सांगून भागत नाही. त्यांच्याकडे जुनी वही असेल तरच कूळ लागतं. आमची वही म्हणजे उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवलेले जुने विषाणू.

चिकुनगुनियाचंच बघा. १९६३मध्ये कोलकात्यात त्याची मोठी साथ आली, १९७३मध्ये आपल्या बार्शीत. मग तो जवळजवळ विस्मरणात गेला. २००५च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात माणसं सांधे धरून बसू लागली आणि २००६मध्ये देशभरातल्या संशयित रुग्णांचा आकडा तेरा लाखांपलीकडे गेला. इतकी वर्षं दडून बसलेला जुना विषाणूच उठला, असं समजणं सोपं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जुने आणि नवे क्रम शेजारी शेजारी मांडले, तेव्हा वेगळंच निघालं. कोलकाता आणि बार्शीचा विषाणू आशियाई शाखेतला. नवा आला तो पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी शाखेतला, हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर तेव्हा धुमाकूळ घालणाऱ्या विषाणूचा सख्खा भाऊ. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी दोघांना चिकुनगुनियाच म्हणते आणि ते बरोबरच आहे, जात एकच आहे. शाखा बदलल्याचं तिला दिसत नाही.

याहून मोलाची गोष्ट पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतची. २००० साली तिथे पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून चिकुनगुनियाचा विषाणू मिळाला होता आणि जपून ठेवला होता. तेव्हा साथ नव्हती, त्यामुळे त्याची बातमीही झाली नाही. पुढे त्याचा क्रम वाचला, तर तोही आफ्रिकी शाखेतलाच. म्हणजे ही शाखा साथीच्या निदान पाच वर्षं आधी पुणे जिल्ह्यात पोचली होती. यवतचा विषाणू हाच २००६च्या साथीचा थेट पूर्वज, असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण २००५मध्ये कोणी आजारी प्रवासी विमानातून उतरला आणि साथ पेटली, ही सुटसुटीत गोष्ट मात्र त्यानंतर पुरेशी राहिली नाही. फ्रीजरमध्ये जागा नाही म्हणून जुने नमुने टाकून देण्याचा विषय बैठकीत निघाला की मी यवतचं नाव घेतो.

वर्गीकरण म्हणजे क्रमांतल्या फरकाची टक्केवारी, असा एक समज तरुण सहकाऱ्यांत आहे. तो मला मान्य नाही. २००७मध्ये केरळातल्या विषाणूच्या आवरणातल्या ई-१ प्रथिनात २२६व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी व्हॅलिन आलेलं दिसलं. जीनोममध्ये बदललं एकच अक्षर. त्याने ना नवी जात होते, ना नवी शाखा. पण त्यामुळे एडिस अल्बोपिक्टस डासात विषाणूचा जम कितीतरी चांगला बसतो. आणि हा डास रबराच्या मळ्यांत, चीक धरण्याच्या वाट्यांत साठलेल्या पाण्यावर पोसला जातो. उलट, डेंगीचे चार प्रकार एकमेकांपासून जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वेगळे असूनही एकाच जातीत मोडतात, तर ओन्योंग-न्योंग हा चिकुनगुनियाचा सगळ्यात जवळचा नातलग स्वतंत्र जात ठरतो. तो पसरतो अ‍ॅनॉफिलिस डासातून, म्हणजे त्याचं बिऱ्हाडच वेगळं. जातीची रेघ ओढताना वाहक कोण, यजमान कोण, प्रतिपिंडं काय सांगतात, हे सगळं बघावं लागतं.

म्हणूनच जुन्या पद्धतीला कोणी नावं ठेवली तर मला राग येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढलं, तेव्हा हाताशी होती ती उंदरांची दूधपिती पिल्लं आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या. त्याच सुमारास अमेरिकेत जोर्डी कासाल्स यांनी अशाच चाचण्यांवरून ‘अ’ आणि ‘ब’ असे गट पाडले. तेच आजचे अल्फाव्हायरस आणि फ्लेविव्हायरस. जीनोम न बघता केलेली ती वाटणी जीनोम वाचल्यावरही टिकली.

सगळीच नावं टिकली नाहीत. ओडिशात शेळ्यांवरच्या गोचिडांत १९५४मध्ये सापडलेल्या विषाणूला पुण्यात ‘गंजम’ हे नाव मिळालं. (गोचीड हा कीटक नव्हे, कोळ्यांच्या कुळातला आठपायी प्राणी, पण विषाणूंच्या लेखी तोही वाहकच.) २००२मध्ये क्रमांची तुलना प्रसिद्ध झाली आणि कळलं, की हा तर पूर्व आफ्रिकेत फार आधीपासून मेंढ्या मारणारा नैरोबी शीप डिसीजचा विषाणू.

क्रम फसवतोही. दोडामार्ग आणि सत्तरीच्या लोकांना माकडताप चांगला माहीत आहे. त्याचा विषाणू १९५७मध्ये कर्नाटकात सापडला. चीनच्या युनानमध्ये १९८९मध्ये एका रुग्णाकडून मिळालेला विषाणू २००९च्या सुमारास वाचला गेला, तर तो १९५७च्या त्या मूळ वाणाशी जवळजवळ अक्षरशः जुळला. आरएनए विषाणू तीन दशकं न बदलता जंगलात राहत नाही. तेव्हा प्रयोगशाळेतच जुन्या वाणाची भेसळ झाली असावी, असा संशय घेतला गेला. मलाही तोच पटतो.

आता तर विषाणू वाढवायचीही गरज उरलेली नाही. डास वाटायचे आणि त्यात असेल नसेल ते सगळं वाचायचं. चीनमध्ये सत्तर जातींच्या संधिपादांतून ११२ नवे विषाणू असेच निघाले, २०१५मध्ये. विषाणूंची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही २०१७पासून निव्वळ क्रमावरून जात नोंदवायला वाट करून दिली आहे. यातले पुष्कळ विषाणू कीटकांचेच, माणसाच्या वाटेला कधी न जाणारे. काही क्रम डासाने प्यायलेल्या रक्तातले असतात, तर काही डासाच्या स्वतःच्या जीनोममध्ये पूर्वीच कधीतरी शिरून बसलेले तुकडे निघतात. अशा क्रमाला नाव द्यायला माझी हरकत नाही. त्याला रोगाचा विषाणू म्हणायचं असेल, तर मात्र तो सस्तन प्राण्याच्या पेशींत वाढवून दाखवा, रुग्णाच्या रक्तात शोधून काढा, असं मी सांगतो. आणि ते काम अजूनही महिने खातं.