भिंतीवरचे नेते आणि चुन्याची बादली

बर्लिन, ६ मे २०२४, सोमवार

मुलीनं आज रजा टाकली आणि आम्हां दोघांना भिंत दाखवायला नेलं. ओस्टबानहोफ स्टेशनला उतरून म्यूलेनश्ट्रासं नावाच्या रस्त्यानं चालायचं. श्प्रे नदीच्या कडेनं १.३ किलोमीटर भिंत उभी आहे. तिचं आताचं नाव ईस्ट साइड गॅलरी. भिंत १९८९ ला उघडली आणि १९९० मध्ये २१ देशांच्या ११८ चित्रकारांनी हा तुकडा रंगवला.

जन्मभर भिंती रंगवून पोट भरलं, त्यामुळे चित्राआधी मी भिंत बघितली. काँक्रीटच्या १.२ मीटर रुंद फळ्या, उंची ३.६ मीटर, प्रत्येक जोडाला उभी खाच. अक्षरं लिहायला अशी भिंत झकास. चेहरा काढायला वैताग. नाक खाचेवर आलं की संपलं.

सगळ्यांत जास्त गर्दी ज्या चित्रापुढं, ते चार फळ्यांवर आहे. सोव्हिएत रशियाचे ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे होनेकर, ओठाला ओठ लावून. ही म्हणाली, "अहो, एवढी थोराड माणसं काय करतायत ही?" मुलीनं समजावलं : कम्युनिस्ट पुढाऱ्यांत असं चुंबन हा शिष्टाचार होता. पूर्व जर्मनीला ३० वर्षं झाली म्हणून १९७९ ला ब्रेझनेव्ह इथं आले, तेव्हाचा हा क्षण रेजिस बोस्यू या फ्रेंच छायाचित्रकारानं टिपला. त्यावरून दिमित्री व्रूबेल या रशियन चित्रकारानं भिंतीवर चित्र काढलं आणि मजकूर घातला : देवा, या जीवघेण्या प्रेमातून मला वाचव.

बराच वेळ बघत उभा राहिलो. पठ्ठ्यानं काहीच वाकडं केलेलं नाही. नाक फुगवलं नाही, दात काढले नाहीत. ब्रेझनेव्हच्या भुवया होत्या तेवढ्याच दाट, होनेकरचा चष्मा होता तसाच. आजूबाजूची माणसं, समारंभ सगळं काढून टाकलं आणि दोन डोकी माणसाच्या दुप्पट उंचीची केली. टिंगल आहे ती मापात आहे. समोर जोडपी तशीच पोझ घेऊन फोटो काढत होती.

७ मे

आज कोल्हापुरात मतदान. धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, उन्हानं जीव चाललाय, पण रांगा आहेत."

मग जुने दिवस निघाले. निवडणूक लागायच्या आधीच कार्यकर्ते मोक्याच्या भिंती धरायचे. कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि 'राखीव'. चुन्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालून आम्ही पांढरा हात मारायचो. चिन्हाला पत्र्याचा साचा. चेहरा मात्र हातानं : फोटोवर चौकटी, भिंतीवर चौकटी, सुतळीला नीळ लावून फट्‌दिशी रेघ. पाठीमागं कार्यकर्ता उभा. "साहेबांचे केस अजून काळे घ्या." "गाल भरून काढा, आजारी वाटत्यात." साहेबांचा एकही पांढरा केस मी भिंतीवर येऊ दिला नाही. विरोधकाचं तोंड काढायची वेळ आली, की त्याच्या पोटाचा घेर वाढवायला कुणी अडवत नसे. पण आपल्या माणसाची गंमत कुणी सांगितली नाही, आणि मीही केली नाही. निवडणूक आयोगाच्या शेषनसाहेबांनी पुढं भिंतींना लगाम घातला, उरलंसुरलं फ्लेक्सनं खाल्लं.

९ मे

कालपासून एक हिशेब डोक्यात आहे. चित्र १९९० चं. ब्रेझनेव्ह १९८२ लाच गेले. होनेकरना १९८९ च्या ऑक्टोबरात त्यांच्याच पक्षानं खाली उतरवलं. म्हणजे व्रूबेलनं रंगाचा डबा उघडला तेव्हा दोघांपैकी एकही त्याचं काही वाकडं करू शकत नव्हता. पडल्या वाघाच्या मिशा ओढायला कितीसं धाडस लागतं?

जावयाला हे बोललो. त्यांनी वेगळंच सांगितलं. म्यूलेनश्ट्रासं हा परदेशी पाहुण्यांच्या मोटारींचा रस्ता होता, विमानतळावरून येताना इथूनच जायचं. म्हणून या बाजूची भिंतही नीट, उंच आणि स्वच्छ ठेवलेली. पूर्वेकडून तिच्यावर कुणी खडूनं रेघ मारली नव्हती. मारणार कोण? जवळ जायचीच सोय नव्हती. रंगीबेरंगी होती ती पश्चिमेकडची बाजू. तिथं तिएरी न्वार या फ्रेंच माणसानं १९८४ पासून मोठमोठी डोकी रंगवली. त्यालाही जपूनच राहावं लागायचं, कारण भिंत हद्दीच्या काही मीटर आत, पूर्वेच्या जमिनीवर होती. पश्चिमेकडून ब्रश लावणाराही कायद्यानं पूर्व जर्मनीत उभा. पहारेकरी आले तर पळायचं, म्हणून सोपे आकार, थोडे रंग, झटपट काम.

मग या पांढऱ्या भिंतीवर, पाहुण्यांना दाखवायला जपलेल्या ठिकाणी, यजमान आणि पाहुणा दोघांनाही चिकटवून टाकणं, यात व्रूबेलची खोडी आहे खरी. तेवढं कालच्या हिशेबातून वजा करतो.

१२ मे, रविवार

माउअरपार्कला गेलो. जुना बाजार, गाणीबजावणी, भेळेच्या गाड्या तेवढ्या नाहीत. टेकाडावर भिंतीचा एक तुकडा ठेवलाय, त्यावर कुणीही रंग मारावा, पोलीस विचारत नाहीत. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत इथं ईएमई फ्रीथिंकर या चित्रकारानं ट्रम्प आणि शी जिनपिंग यांना मास्क लावून चुंबन घेताना रंगवलं होतं. व्रूबेलचा धागा सरळ दिसतो, फक्त इथले दोघे तेव्हा खुर्चीत होते. लिथुआनियात व्हिल्नियसच्या एका खाणावळीच्या भिंतीवर २०१६ ला ट्रम्प-पुतिन यांची अशीच जोडी होती. कुणीतरी तिच्यावर पांढरा रंग ओतला, तर मालकानं नवी काढून घेतली.

ट्रम्प-शी आता शोधून सापडत नाहीत. भिंतीच्या कडेला रंगाचा पापुद्रा सुटला होता, तो नखानं काढला. जाडीला रुपयाच्या नाण्यापेक्षा भरला. कडेनं बघितलं तर निळा, गुलाबी, काळा, चंदेरी, परत काळा. एकावर एक बसलेले थर. बाजूला एक पोरगा स्प्रेनं कुणाच्या तरी सुंदर अक्षरांवर बिनधास्त पांढरा मारत होता. मूळ चित्रकार रागावणार नाही का, असं मुलीकरवी विचारलं. तो म्हणाला, "त्यानंही कुणावर तरीच मारलं होतं."

१५ मे

मुलीकडं तिच्या ऑफिसातली एक इंडोनेशियन मुलगी जेवायला आली. भिंतींचा विषय निघताच तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. जकार्ताजवळ तांगेरांगमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्यासारखा चेहरा भिंतीवर उमटला. डोळ्यांवर लाल पट्टी, पट्टीवर '४०४ : नॉट फाउंड'. वेबसाइटवरचं पान सापडत नाही तेव्हा दिसतो तो मजकूर. सरकारी माणसांनी रंग फासून मिटवलं. राष्ट्राध्यक्ष हे राष्ट्राचं प्रतीक आहेत, असं पोलिसांकडून सांगितलं गेलं. मिटवल्यामुळं जे त्या रस्त्यानं कधी गेले नसते त्यांनीही ते पाहिलं. आता बर्लिनमध्ये, आमटीभात खाताना, मीही.

जावयांनी विचारलं, "आपल्याकडं असं काढलं तर?" २०१२ ला व्यंगचित्रांवरून असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती, हे त्यांना आठवत होतं. मी म्हटलं, भिंतीपुरतं बोलायचं तर राजद्रोहापर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडं विद्रूपीकरणाचा कायदा आहे १९९५ चा. आणि त्याच्याही आधी भिंतीचा मालकच चुन्याची बादली घेऊन येतो. त्याला दुकान चालवायचं असतं. त्याला तरी काय बोलणार?

१८ मे

नदीकाठी पुन्हा फेरी. खांबाखांबावर युरोपच्या निवडणुकीतले उमेदवार लटकलेत, पुठ्ठ्यावर छापलेले. एकाला कुणीतरी मार्करनं मिशा काढल्या आहेत. हात सफाईचा होता. दोन्ही टोकं सारखी उतरली होती.

मुलीनं आज शेवटची गोष्ट सांगितली. २००९ मध्ये डागडुजी करताना ऊनपावसानं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्यांनी खराब झालेली चित्रं सरळ धुऊन काढली आणि चित्रकारांना परत बोलावलं : आपलं चित्र पुन्हा काढा, ३००० युरो घ्या. काहींनी नकार दिला. व्रूबेलनं पुन्हा काढलं. २०२२ ला तो इथं बर्लिनमध्येच वारला. म्हणजे आपण बघतो ते १९९० चं नव्हेच.

एक रंगारी म्हणून सांगतो, दुसऱ्यांदा काढलेलं काम हाताला सफाईदार होतं, पण पहिल्यांदा काढताना पोटात असतो तो गोळा दुसऱ्या खेपेला नसतो. गावाकडचं कुणी इकडं यायचं म्हणालं तर आधी माउअरपार्क करा आणि सकाळीच करा. दुपारपर्यंत कुणीतरी त्यावर पांढरा मारलेला असेल. नदीकाठची भिंत सरकारनं जपलेली आहे, ती नंतर बघितली तरी चालेल.