नानीच्या घराची जाड भिंत

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागलं की काळ्या रानांमधून मंद्रूप येतं. गावात आता स्लॅबची घरं पुष्कळ. पण नानीचं घर अजून माळवदाचं. दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यातही दुपारी आत गारवा. मामू म्हणतात, पाडू या. नानी ऐकत नाही.

शेवटी जुम्म्याच्या नमाजनंतर मामूंनी एका बुजुर्ग गवंड्याला घरी आणलं. चाचांनी भिंतीवर थापी वाजवून पाहिली. "बाहेरून एक दिसते, बेटा. आत दोन भिंती आहेत."

म्हणजे दोन बाजूंना दगडांचे दोन पदर आणि मध्ये नुसती माती, कपच्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच भिंती फाटल्या आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो गेले. त्याआधी सरकारी नकाशात तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता!

भारतीय मानक 13828 हेही 1993 चंच. ते म्हणतं, दगडी भिंत 45 सेंटिमीटरहून जाड नको. दर 60 सेंटिमीटर उंचीवर, फार तर 1.2 मीटर अंतराने, दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड हवा. दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा पट्टा हवा.

"आमच्या काळी जाडी हीच गवंड्याची इज्जत," चाचा हसले. "आरपार दगड उस्तादांना ठाऊक होता. पण लांब दगड घडायला दिवस जातो, मालकाला घाई."

माझ्या मते मानकाने गवंड्याला बाद केलं नाही. उलट त्याचंच विसरलेलं शहाणपण कागदावर आणलं. बाद केलं ते कॉलम आणि स्लॅबने. आता घर सळईवाला आणि सेंट्रिंगवाला उभं करतात, गवंडी मधल्या विटा भरतो. चाचांचा मुलगा पुण्यात फरशी बसवतो; दगड घडवणं तो शिकलाच नाही.

"पाडू नका," चाचा म्हणाले. "आधी वरची माती हलकी करा. मग भिंतीत भोकं पाडून सळईचे आकडे अन् काँक्रीट भरू. हिशोब इंजिनिअर करेल. कुठला दगड काढला तर भिंत हलणार नाही, ते मी सांगतो."

"किती दिवस लागतील?" नानीने विचारलं.

"हात धरायला दोन पोरं मिळाली तर महिना."

दुसऱ्या दिवशी मामूंनी माळवदावरून पहिली पाटी उतरवली. नानीने ती उकिरड्यावर जाऊ दिली नाही. अंगणातच ओतायला लावली.