वळसा घालून येणारी वाट

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील केर्सी या चुनखडीच्या पठारावर कुत्र्याला घेऊन फिरायला निघणारा माणूस बहुधा ‘बूक्ल’ निवडतो. बूक्ल म्हणजे जिथून निघाली तिथेच येऊन मिळणारी पायवाट. अशा लहान वाटांवर दगडांवर किंवा झाडांच्या बुंध्यांवर पिवळा पट्टा रंगवलेला असतो, लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा-तांबडा, आणि फुली दिसली की आपण भलतीकडे वळलो असे समजावे. कुत्र्याला या खुणांशी कर्तव्य नसते. दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून, म्हणजे चुना-मातीविना रचलेल्या दगडी कुंपणांमधून जाताना तो गवताचे एकच पाते मिनिटभर हुंगतो, आणि रात्री तिथून कोण गेले याची बातमी काढल्याखेरीज पुढे पाऊल टाकत नाही. १५ एप्रिल ते ३० जून हा पक्ष्या-प्राण्यांच्या विणीचा काळ असल्यामुळे, रानातल्या रुळलेल्या वाटा सोडून कुत्र्याला मोकळे सोडण्यास १९५५ च्या आदेशाने मनाई आहे, म्हणून तेव्हा दोरीच्या एका टोकाला घाई असते आणि दुसऱ्या टोकाला कुतूहल. वाटेत ‘लाव्हार’, म्हणजे पूर्वीच्या बायकांचा सामायिक धुण्याचा हौद लागतो. तिथे आता फक्त कुत्रा पाणी पितो. प्रदक्षिणेत अंतर कापले तरी कुठे पोहोचायचे नसते. बूक्लचेही तसेच असून, गाव तेच राहते आणि परतणाऱ्याची चाल तेवढी संथ झालेली असते.