नुसती ‘यादी’ म्हणून भागत नाही

माझी भाची मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांचं ॲण्ड्रॉइड ॲप बनवतेय. शब्द मी निवडते. ॲपमध्ये दोन याद्या आहेत, उर्दू शब्दांची आणि मराठी शब्दांची. ज्या पडद्याला जी यादी हवी, ती पुरवायचं काम तिनं ‘कॉइन’वर सोपवलंय.

“खाला, ॲप चालताना यादीच्या आतला प्रकार पुसला जातो,” ती सांगते. कॉइनला दोन्ही नुसत्या याद्याच. नंतर नोंदवलेली आधीचीला हटवते. उर्दूच्या पडद्याला मराठी शब्द मिळतात, ॲप कोसळतं. ‘डॅगर’ ॲप बांधतानाच पूर्ण प्रकार वाचतो. कॉइनमध्ये मात्र प्रत्येक यादीला वेगळं नाव द्यावं लागतं.

घरी उर्दू, बाहेर मराठी बोलणाऱ्या आम्हाला हे लगेच पटतं. दोन्ही राहायच्या असतील, तर दोघींची नावं नोंदवायला हवीत.