दर दोन तासांनी

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. जगभर तो परिचारिका दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पांढऱ्या पंखांची चित्रं येऊ लागतात आणि माझी आत्या फोन उलटा करून ठेवते. सिकंदराबादच्या एका रुग्णालयात तिने चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. देवदूत म्हटलेलं तिला अजिबात आवडत नाही. "देवदूताला पगारवाढ द्यावी लागत नाही ना, म्हणून म्हणतात," असं तिचं मत.

आत्याच्या लक्षात असते ती त्यानंतर सहा दिवसांनी येणारी तारीख. १८ मे २०१५ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग वारल्या. आपल्यापैकी अनेकांना हे नाव इच्छामरणाच्या खटल्यामुळे माहीत असेल. मला ते आत्यामुळे कळलं, आणि तिने खटल्याबद्दल नाही, तर पाठीबद्दल सांगितलं.

अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या. केईएममध्ये परिचारिका होत्या, लग्न ठरलेलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला, गळ्याभोवती साखळी आवळली. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुन्हा कधीच पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. तेव्हा त्यांचं वय होतं २५. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि चोरी यासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा मात्र लावलाच गेला नाही.

त्यानंतर जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षं त्या वॉर्ड नंबर चारला लागून असलेल्या एका खोलीत होत्या. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवलं, पुसलं, कपडे बदलले. आणि इतक्या वर्षांत पाठीवर एकही बेडसोअर झाला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातसुद्धा याची नोंद आहे.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे सरकले असते. आत्याने थांबवलं. "त्याचा अर्थ कळतोय का तुला?" मग तिने सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. टाच, माकडहाड, खांदा, जिथे जिथे हाड कातडीला टेकतं तिथे तिथे बघावं लागतं. चादरीला चुणी नको, ओल नको. एक रात्र दुर्लक्ष झालं तर कातडी लाल होते, आणखी दोन दिवसांत जखम. दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा. एका वर्षात चार हजारांच्या वर. पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की हे कुणा एकीने केलं नाही. १९७३ साली अरुणाबरोबर काम करणाऱ्या नर्स हळूहळू रिटायर झाल्या. नंतर आलेल्यांपैकी कितीतरी जणी हल्ल्याच्या वेळी जन्मल्यासुद्धा नव्हत्या. तरी ड्युटी एकीकडून दुसरीकडे जात राहिली.

आम्ही कॅथलिक लोक लहानपणापासून दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट ऐकतो. रस्त्यात मारून टाकलेल्या माणसाला तो उचलतो, जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी देऊन निघून जातो. प्रवचन त्याच्यावरच होतं. पण त्यानंतरचे दिवस त्या जखमी माणसाला कुणी सांभाळलं? उतारशाळेवाल्याने. त्याच्यावरचं प्रवचन मी अजून ऐकलेलं नाही. आत्याला हे बोलून दाखवलं तर ती हसली आणि म्हणाली, "तो नाइट ड्युटीवाला."

श्रद्धेबद्दल ती फार बोलत नाही. ड्युटीमुळे कितीतरी रविवारी तिची मिस्सा चुकली. एप्रनच्या खिशात जपमाळ असायची, पण बाहेर काढायला वेळ व्हायचाच असं नाही. नाइट असली की तिची दोन्ही मुलं आमच्याकडे झोपायची, आणि पप्पा सकाळी तीन डबे भरायचे. तिची सेवा अशी आमच्या सगळ्या घराने केली. पगार मात्र "ख्रिस्ती सिस्टर म्हणजे सेवाभाव" या नावाखाली बरीच वर्षं तुटपुंजाच राहिला.

म्हणून केईएमच्या परिचारिकांबद्दल आणखी एक सांगायला हवं. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्यांनी संप केला होता, अरुणाला नीट वागणूक मिळावी आणि नर्सेसना सुरक्षितता मिळावी म्हणून. पुढे महापालिकेने अरुणाला दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हाही त्या विरोधात उभ्या राहिल्या आणि बेत रद्द झाला. भरवणारे हात आणि संपात वर गेलेले हात एकच होते. २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा अरुणा शानबागचं नाव घ्यावं लागलं, म्हणजे त्या मागण्या अजून जुन्या झालेल्या नाहीत.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाला या अवस्थेतून सोडवावं म्हणून न्यायालयात अर्ज केला होता. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो नाकारला आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने काही अटींवर निष्क्रिय इच्छामरणाची वाटही मोकळी केली. अरुणासाठी काय बरं होतं, हा प्रश्न सोपा नाही. विराणींनाही तिच्याबद्दल कळवळा होताच. माझा धर्म अन्नपाणी थांबवू नये असं सांगतो, आणि तरीही त्या खोलीतली इतकी वर्षं डोळ्यांसमोर आणली की मी गप्प होते. आत्या म्हणते, "प्रश्न मोठ्यांनी सोडवावा. तोपर्यंत कूस कोण बदलणार?"

रिटायर झाल्यावर तिचं हेच चालू आहे. आमच्या कॉलनीत कुणी अंथरुणाला खिळलं की ती जाते आणि घरातल्यांना शिकवते, मुद्दाम मुलांना आणि जावयांनाही. मराठी, तेलुगू, दख्खनी, जशी ज्याची भाषा. उशी कुठे ठेवायची, चादर कशी ओढायची, टाचा कशा बघायच्या.

पुढच्या अंकासाठी एक सुचवते. आपल्या ओळखीत, चर्चमध्ये, शेजारी एखादी निवृत्त नर्स असेलच. तिला भेटा. देवदूत वगैरे म्हणू नका. ड्युटी किती वाजता सुरू व्हायची, तेव्हा घरी मुलांना कोण बघायचं आणि पगार किती होता, हे विचारा. आणि ती सांगेल ते लिहून आणा.